ऑक्सिजन सेन्सर बदलायच्या आधी हे वाचा

चेक इंजिनची पिवळी लाईट लागली, मिस्त्रीनं स्कॅनर लावला आणि "ऑक्सिजन सेन्सर गेलाय, बदलायला लागतोय" म्हणाला की आपण गपगुमान मान हलवतो, कारण हा सेन्सर असतोय कुठं, करतोय काय आणि तो खरंच गेलाय का हे विचारायला तरी थोडी माहिती पाहिजे की नको. मग काही हजारांचं बिल होतं, लाईट जाते, आणि बऱ्याचदा दोन-चार दिवसांनी परत येते. माझं सरळ म्हणणं आहे की बदललेल्या सेन्सरपैकी बरेच सेन्सर चांगले असतात, दोष दुसरीकडं असतो आणि सेन्सर बिचारा तोच दोष ओरडून सांगत असतो. पण खरंच गेलेला सेन्सर असला तर बदलायलाच पाहिजे, ते काम पण तसं लई अवघड नाही, म्हणून दोन्ही गोष्टी जरा सविस्तर लिहितोय.

हा सेन्सर धुराच्या पाईपात बसवलेला असतो. पेट्रोल गाडीत साधारण दोन असतात, एक इंजिनच्या जवळ, कॅटकॉनच्या (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पाईपातला धूर साफ करणारा डबा) आधी, आणि दुसरा कॅटकॉनच्या मागं. स्कॅनरवर पहिल्याला बँक १ सेन्सर १ म्हणतात, दुसऱ्याला बँक १ सेन्सर २. बँक म्हणजे सिलेंडरची रांग, व्ही-६ सारखं दोन रांगांचं इंजिन असलं तर बँक २ पण येते, आपल्याकडच्या तीन आणि चार सिलेंडरच्या गाड्यांना तो प्रश्न नसतोय. पहिला सेन्सर जळून आलेल्या धुरात ऑक्सिजन किती उरलाय ते बघतो. जास्त उरला असंल तर पेट्रोल कमी पडलंय, म्हणजे मिक्श्चर लीन, आणि काहीच उरला नसंल तर पेट्रोल जास्त झालंय, म्हणजे रिच. ही खबर ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, जाते आणि ईसीएम इंजेक्टर किती वेळ उघडा ठेवायचा ते त्यावर ठरवतो. गुऱ्हाळ बघितलेल्या माणसाला हे पटकन कळंल, काहिलीपाशी उभा असलेला गुळव्या रसाचा रंग नि फेस बघून चुलवाणावरच्या गड्याला सांगतो, वाढीव, आता कमी कर. गुळव्या स्वतः जळण टाकत नाही. त्याचं काम बघायचं आणि सांगायचं.

आतली करामत मात्र भारी आहे. सेन्सरच्या टोकात झिर्कोनिया नावाच्या सिरॅमिकची एक छोटी टोपी असते, तिला आतनं-बाहेरनं प्लॅटिनमचा पातळ थर. बाहेरची बाजू धुरात, आतली बाजू बाहेरच्या हवेला लागून, आणि त्या हवेत जवळजवळ २१ टक्के ऑक्सिजन. हे सिरॅमिक साधारण ३०० अंशांच्या वर तापलं की त्यातनं ऑक्सिजनचे आयन सरकायला लागतात, आणि दोन्ही बाजूंच्या ऑक्सिजनमध्ये फरक जेवढा जास्त तेवढं व्होल्टेज जास्त. धुरात ऑक्सिजन नाही, म्हणजे रिच, तर ०.८-०.९ व्होल्ट. धुरात ऑक्सिजन भरपूर, म्हणजे लीन, तर ०.१-०.२ व्होल्ट. मधला ०.४५ हा उंबरठा. बॅटरी नको, काही नको, सिरॅमिकच वीज तयार करतंय.

आता एवढा खटाटोप कशाला, तर कॅटकॉनसाठी. कॅटकॉन तीन विषारी गोष्टी एकदम साफ करतो, कार्बन मोनॉक्साईड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनचे ऑक्साईड, पण ते तेव्हाच जमतं जेव्हा हवा आणि पेट्रोलचं प्रमाण अगदी काट्यावर असतं, साध्या पेट्रोलला वजनानं १४.७ भाग हवा आणि १ भाग पेट्रोल. त्या प्रमाणाला लॅम्डा १ म्हणतात, म्हणून जुने लोक या सेन्सरला लॅम्डा सेन्सर म्हणतात. बॉशनं बनवलेला हा सेन्सर १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत पहिल्यांदा आला, कारण कॅलिफोर्नियाचे धुराचे नियम कडक होते. १९८२ मध्ये आत हीटर असलेला सेन्सर निघाला, त्यामुळं धुराच्या गरमीची वाट बघायची गरज संपली. आपल्याकडं शिसंवालं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० ला देशभर बंद झालं, ते झालं नसतं तर हे सगळं फुकटच होतं, शिसं या सेन्सरला आणि कॅटकॉनला दोन्हीला मारतंय. पुढं एप्रिल २०१३ पासून गाड्यांना ओबीडी-२ (गाडीनं स्वतःचा दोष ओळखून कोड द्यायची पद्धत) लागू झालं आणि १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम, त्यामुळं आज दुचाकीच्या बेंड पाईपवर पण हा सेन्सर दिसतोय.

गाडी थंड असताना चालू केली की सुरुवातीला ईसीएम सेन्सरकडं बघतच नाही, ठरलेल्या हिशेबानं जरा जास्तच पेट्रोल देतो. याला ओपन लूप म्हणतात. सेन्सर तापला की क्लोज्ड लूप सुरू, मग सेन्सर सांगंल तसं. हीटर मेला की गाडी ओपन लूपमध्येच जास्त वेळ राहते, पेट्रोल जास्त खाते, आणि घर ते पेठ, पेठ ते घर अशी गावातल्या गावात चालणारी गाडी असली तर अॅव्हरेज अजूनच घटतं.

आता मुख्य मुद्दा. हा सेन्सर पेट्रोल मोजत नाही, फक्त ऑक्सिजन बघतो. हे एकदा डोक्यात बसलं की अर्धे घोळ सुटतात. समजा एक स्पार्क प्लग मेलाय आणि त्या सिलेंडरमध्ये पेट्रोल जळतच नाही. पेट्रोल वाया चाललंय, सायलेन्सरला वास येतोय, पण त्याच सिलेंडरचा ऑक्सिजन पण न वापरता तसाच धुरात आलाय, मग सेन्सर काय सांगणार, तर लीन! आणि ईसीएम अजून पेट्रोल ओतणार. तसंच एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटला किंवा पाईपाला सेन्सरच्या आधी बारीक भोक असलं तर तिथनं बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला वाटतं लीन आहे. दोन्ही वेळा सेन्सर खरं बोलतोय, त्याच्यासमोर ऑक्सिजन आहे तर तो आहे असंच सांगणार. बदलून काय होणार, नवीन सेन्सर पण तेच सांगणार.

आमच्या दाजींच्या गाडीचं असंच झालं. तासगावला असतात, गाडीला पी०१७१ कोड आला, म्हणजे मिक्श्चर लीन. एका गॅरेजवाल्यानं पुढचा सेन्सर बदलला, लाईट पुसली, आणि गाडी तासगावात पोचायच्या आत लाईट परत. मग गाडी आमच्याकडं सांगलीला आली. "अहो दाजी, सेन्सर राहू द्या, आधी ट्रिम बघू," म्हणलं आणि ब्लूटूथवाला छोटा स्कॅनर लावून मोबाईलवर फ्युएल ट्रिम उघडला. हा आकडा म्हणजे ईसीएम ठरल्यापेक्षा किती टक्के जास्त किंवा कमी पेट्रोल देतोय ते. शॉर्ट टर्म म्हणजे आत्ताचा, लाँग टर्म म्हणजे शिकून ठेवलेला. साधारण अधिक-उणे ५-७ असंल तर चिंता नाही, १० च्या वर गेला की शोधाशोध करायची. दाजींच्या गाडीत आयडलला, म्हणजे अॅक्सिलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, अधिक २२ दिसत होता, आणि अॅक्सिलेटर दाबून २५०० आरपीएमला धरल्यावर तो अधिक ५ वर आला. ही व्हॅक्यूम लीकची खूण, कारण आयडलला इंजिन थोडीच हवा घेतंय, त्यात फटीतनं आलेली हवा लई वाटते, रेस केल्यावर त्याच फटीची हवा एकूण हवेपुढं किरकोळ होते. मग इनटेक मॅनिफोल्डच्या खालचा रबरी एल्बो बोटानं वाकवून बघितला तर खालच्या बाजूला, वरनं दिसणार नाही अशा ठिकाणी, नखाएवढी चीर. बोट लावून दाबली तर आयडल बदलला. रबराचा तुकडा बदलला, ट्रिम खाली आला, विषय संपला. दाजी पहिल्या बिलाचा कागद घडी करून परत खिशात ठेवत होते, त्यांना काय बोलावं ते मला सुचेना.

उलट असलं, म्हणजे आयडलला ट्रिम बरा आणि वेगात चालवताना वर चढत असंल, तर पेट्रोल कमी पोचतंय. फिल्टर, पंप, घाण झालेला इंजेक्टर असलं काहीतरी. ट्रिम खूप उणे असंल आणि पी०१७२ म्हणजे रिचचा कोड असंल तर गळका इंजेक्टर किंवा चुकीचं सांगणारा एअर सेन्सर बघायचा. इथं एक आपल्या भागातली गोष्ट पण लक्षात ठेवा, आपल्याच साखर कारखान्यांचं इथेनॉल आता पेट्रोलमध्ये येतंय. इथेनॉलच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, त्यामुळं ई२० ला, म्हणजे २० टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलला, १४.७ नाही तर साधारण १३.५ भागच हवा लागते. ई२० साठी न बनवलेल्या जुन्या गाडीत ट्रिम काही टक्के अधिककडं सरकलेला दिसतो, तेवढं बघून सेन्सर गेला म्हणायचं नाही, तो आपलं कामच करतोय. महाबळेश्वर साधारण १३५० मीटर उंचीवर, हवा विरळ, तिथं कार्ब्युरेटरची गाडी रिच होऊन काळा धूर सोडायची, आता मॅप सेन्सर (इनटेकमधला हवेचा दाब मोजणारा) आणि ऑक्सिजन सेन्सर मिळून ते आपोआप जुळवतात.

मग सेन्सर खरंच गेलाय हे कसं ओळखायचं? कोडवरनं सुरुवात करा. पी०१३५ म्हणजे पहिल्या सेन्सरचा हीटर, पी०१४१ म्हणजे मागच्याचा हीटर. हे कोड बहुतेक वेळा खरोखर सेन्सरचेच असतात, पण आधी फ्यूज बघा, मग कपलर (सेन्सरच्या वायरीचा जोड) सोडून इग्निशन ऑन करून गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतायत का ते बघा, मग सेन्सरच्या बाजूनं हीटरच्या दोन वायरींमध्ये मल्टिमीटर लावून ओहम बघा. चार वायरी असतात, त्यातल्या एकाच रंगाच्या दोन म्हणजे हीटर. आकडा मोजक्या ओहममध्ये, समजा ३ ते १५ च्या दरम्यान आला तर हीटर जिवंत, मीटर काहीच दाखवत नसंल तर आतली तार तुटलीय, सेन्सर बदला. नेमका आकडा कंपनीनुसार बदलतोय.

पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त झालाय. इथं ग्राफ बघायचा. गरम इंजिन, २५०० आरपीएम, पहिल्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ मध्ये भराभर वरखाली उड्या मारत पाहिजे. एकदम अॅक्सिलेटर दाबला की ०.८ च्या वर जायला पाहिजे, सोडला की इंजेक्टर बंद होतात तेव्हा ०.१ च्या आसपास पडायला पाहिजे. दोन्हीकडं जातंय आणि चटकन जातंय तर सेन्सर चांगला. मधेच ०.४५ ला नुसता पडून राहिला तर थंड आहे किंवा मेलाय. एक सांगतो, बऱ्याच नव्या गाड्यांत पुढचा सेन्सर वाईडबँड असतो, त्याला बहुतेक पाच वायरी असतात आणि तो असा उड्या मारतच नाही, त्याचा आकडा लॅम्डामध्ये बघायचा, तेव्हा हे ०.१-०.९ चं गणित त्याला लावू नका.

मागचा सेन्सर शांत असतो, साधारण ०.६-०.७ व्होल्टला स्थिर, कारण त्याचं मुख्य काम कॅटकॉनवर नजर ठेवायचं. तो पण पुढच्यासारखा उड्या मारायला लागला तर कॅटकॉन थकलाय आणि पी०४२० येतो. या कोडला लोक मागचा सेन्सर बदलून बघतात कारण कॅटकॉन महाग, त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतंय. पण सेन्सर बदलून कॅटकॉन बरा होत नाही. कोणी मागचा सेन्सर लांब बोल्टवर बसवून लाईट बंद करून देतो म्हणला तर नको म्हणा, तो फसवायचा धंदा आहे. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीची पीयूसी करताना रेसवर लॅम्डा ०.९७ ते १.०३ च्या आत लागतो, आणि पाईपातनं काय येतंय ते मशीन बघतंय, तुमची लाईट नाही.

बदलायचं ठरलं तर पहिल्यांदा नंबर. जुन्या सेन्सरच्या अंगावर छापलेला नंबर आणि गाडीचा चेसिस नंबर घेऊन दुकानात जा. पुढचा आणि मागचा एक नसतोय, वायरीची लांबी आणि कपलर वेगळे असतात. युनिव्हर्सल म्हणून वायरी कापून जोडायचा सेन्सर स्वस्त मिळतो, मी तरी घेत नाही. घेतलाच तर वायरींना सोल्डर करू नका, क्रिंप करा, म्हणजे धातूची नळी दाबून जोडा, कारण बऱ्याच सेन्सरमध्ये आतल्या बाजूची ती बाहेरची हवा वायरीच्या धाग्यांमधनंच जाते, सोल्डरनं रस्ता बंद झाला की सेन्सर गुदमरला. याच कारणासाठी कपलरमध्ये ग्रीस भरायचं नाही.

काढताना इंजिन कोमट पाहिजे, पार थंड लोखंडात आटे धरून बसतात आणि पार गरम असलं तर हात भाजतोय. बॅटरीची निगेटिव्ह काढा, कपलर आधी सोडा, नाहीतर सेन्सर फिरवताना वायरीला पीळ बसतोय. आट्यांच्या कडेनं पेनिट्रेटिंग ऑइल मारा आणि चहा पिऊन या. बहुतेक गाड्यांत २२ नंबरचा पाना लागतोय, त्याचा गोटी पाना एका बाजूनं चिरलेला मिळतो म्हणजे वायर त्यातनं जाते. जुना फेकायचाच असंल तर वायर कापून टाका आणि रिंग पाना घाला, पकड चांगली बसते. उघडा फिक्स पाना लावून कडा घासवायच्या नाहीत. जरा सैल झाला की परत घट्ट, परत सैल, असं मागंपुढं करत काढा. एकदम जोर लावला आणि आटे घेऊन बाहेर आला तर मग टॅप मारायला, म्हणजे आटे नव्यानं पाडायला लागतोय, बहुतेक गाड्यांना १८ एमएम, दीडचे आटे, आणि ते काम पाईप गाडीवर असताना करणं म्हणजे खाली झोपून डोळ्यात गंज घेणं.

निघालेल्या सेन्सरचं टोक उजेडात धरून बघा, फेकू नका. कोरडी काळी काजळी असंल तर गाडी रिच चालत होती, तो दोष शोधा नाहीतर नवीनचं पण तेच होईल. पांढरा खरखरीत थर असंल तर सिलिकॉन, कुणीतरी गॅस्केटला साधा सिलिकॉन सीलंट भरलाय, किंवा कूलंट जळतोय, हेड गॅस्केट बघा. तपकिरी तेलकट असंल तर इंजिन ऑइल खातंय. काजळी दोष काढल्यावर आपोआप जळून जाते, पण सिलिकॉन आणि शिशाचा थर पेट्रोलनं धुवून किंवा लायटरनं भाजून जात नाही, मोबाईलवर कितीही व्हिडिओ बघा.

नव्याच्या आट्यांना बहुतेक कंपनीनंच अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणूनची पेस्ट) लावून दिलेलं असतंय, परत लावू नका. नसंल तर आट्यांना जरासं लावा, टोकाला लागता कामा नये. खाली पडलेला सेन्सर बसवू नका, बाहेरनं काही दिसत नाही पण आतलं सिरॅमिक तडकलेलं असू शकतं. हातानं पूर्ण बसवा, मग टॉर्क पाना लावा, साधारण ४० ते ५० न्यूटन मीटर, मॅन्युअलमध्ये वेगळा दिला असंल तर तोच धरा. दुचाकीचे आटे बारीक, तिथं हा आकडा चालणार नाही. वायर तिच्या क्लिपमध्येच अडकवा, सायलेन्सरला टेकली की वितळली.

सांगलीकरांसाठी अजून एक. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात ज्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या, त्यातली एखादी सेकंडहँड घेतली असंल तर सेन्सरच्या आधी कपलर उघडून बघा. पिना हिरव्या झाल्या असतील तर कोड सेन्सरचा येणार आणि दोष पिनांचा असणार. तापलेला सेन्सर एकदम पाण्यात बुडाला तर सिरॅमिक तडकतं, म्हणून नदीचं पाणी रस्त्यावर आलेलं असताना "जाईल की गाडी" म्हणून घालू नका.

किती दिवस टिकतो म्हणाल तर हीटर नसलेले जुने साधारण ५० ते ८० हजार किलोमीटर, हीटरवाले दीड लाखापर्यंत जातात, इंजिन ऑइल किंवा कूलंट जाळत नसलं तर. नवीन बसवल्यावर बॅटरी जोडा, कोड पुसा, आणि गाडी आष्ट्यापर्यंत एका सुरात चालवून आणा, थोडं गावातनं, थोडं मोकळ्या रस्त्यावर, म्हणजे ईसीएम ट्रिम नव्यानं शिकतो आणि स्कॅनरवरचे मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्वतःच्या तपासण्या, पूर्ण होतात. परत आल्यावर लाईट बघत बसू नका, लाँग टर्म ट्रिम बघा. नवीन सेन्सर लावून पण तो १५-२० ला चढला असंल तर परत बॉनेट उघडा, आणि या वेळी रबरी पाईपांपासनं सुरुवात करा.